खुणा दाखविणार

जांबे,
१८ मे

प्रिय धम्मपाल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. देहूरोड इथून दहा-बारा किलोमीटर. सकाळी निघालो तर चालतसुद्धा येईन, पण दार उघडल्यावर तू काय करशील याचा मला अंदाज नाही आणि अंदाजाने काम करायची सवय नाही. पत्राचं एक बरं असतं, नको वाटलं तर घडी घालून ठेवता येतं. फक्त शेवटच्या परिच्छेदापर्यंत जा एवढी विनंती आहे. सोबत दुमडलेला एक कागद आहे. त्याचं काय करायचं ते तिथे लिहिलंय, आणि भाज्यांच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार की नाही ते त्या कागदावर अवलंबून आहे. तुला आधीच ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी या पत्रात येतील. त्या मुद्दाम लिहितोय.

आधी इकडच्या बातम्या. पुलाच्या अलीकडचा उंबर अजून उभा आहे. रस्ता रुंद करणाऱ्यांनी त्याच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलाय, तेव्हा फार दिवस राहील असं नाही. तांबटाने यंदाही त्याच फांदीत भोक पाडलंय, त्याला नंबराचं काही नाही. ओढा होळीलाच आटला. बंधाऱ्यापाशी तेवढं डबकं उरलंय, त्यावर फेस असतो, तरी खंड्या येऊन बसतो. आमच्या चाळीतल्या सहाही खोल्या भाड्याने गेल्यात. उषाचे गुडघे तसेच आहेत. जिना चढताना ती नवऱ्याला, म्हणजे मला, जे काही बोलते ते लिहिण्यासारखं नाही. तिने तुझ्या आईसाठी आंबोशी वाळवून ठेवलीय. कोणाबरोबर पाठवायची असं मला रोज विचारते आणि मी रोज बघू म्हणतो.

मोजणी खात्यातून निवृत्त झालो तेव्हा सकाळचं काय करायचं हा प्रश्न होता. पस्तीस वर्षं तालुक्यातली दुसऱ्यांची रानं मोजली, आणि स्वतःच्या दारापासून चारशे मीटरच्या आत काय उगवतं ते मला सांगता येत नव्हतं. तू कंपनीतून माझ्या आधी दोन वर्षं सुटलेला. मग आपण पुलावर भेटायला लागलो. झाड दिसलं की मी वही काढायचो आणि तू नाव सांगायचास. तुलाही नाही आलं तर पान खिशात घालून घरी न्यायचास, आणि दुसऱ्या दिवशी नाव हजर असायचं. ते कुठून यायचं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीतच होतं. पुढे पुढे मावशी, तुझी आई, स्वतःच यायला लागली. काठी टेकत यायची, कठड्यावर बसायची आणि आपण आणलेलं प्रत्येक पान उलटं करून बघायची. “खालनं बघावं. वरनं समदी सारखीच दिसत्यात.” हे वाक्य मी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घेतलं. तेही शुद्ध मराठीत करून, आणि कोणाचं आहे ते न लिहिता.

पुस्तिका म्हणजे तरी काय, एक कागद. तीन घड्या घालायच्या, मधे एक चीर द्यायची, की आठ पानं होतात. मारुंजी रस्त्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढायची. पहिली झाडांची केली, दुसरी पाखरांची. प्रत्येकीत मी नकाशा काढला, उत्तर दिशा दाखवली, खाली प्रमाण दिलं. तांबटाच्या चित्राखाली गट नंबर टाकला तेव्हा तू म्हणालास, आता पाखराचा सातबारा काढ आणि वारस म्हणून पिलांची नावं लाव. मी ते खरंच दोन मिनिटं मनावर घेतलं होतं. दूध डेअरीच्या काउंटरवर आणि ओढ्याकडच्या मोठ्या सोसायटीच्या वॉचमनपाशी आपण गठ्ठा ठेवायचो, दोन दिवसांत संपायचा. हिंजवडीत कामाला आलेली पोरं-पोरी, कुठकुठच्या जिल्ह्यांतली, आपण राहतो त्या गल्लीतल्या झाडाला काय म्हणतात हे कळलं की खूश व्हायची. मला हे अपेक्षित नव्हतं. तुला होतं बहुतेक.

तिसरी पुस्तिका पावसाळी भाज्यांची. ती सगळीच्या सगळी मावशीची. चार सकाळी ती कठड्यावर बसून बोलत होती आणि मी उतरवून घेत होतो. टाकळा किती कोवळा असताना खुडायचा, कुर्डूचं कोणतं पान टाकून द्यायचं, भारंगी उकळून तिचं कडू पाणी कसं ओतायचं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासूने तिला हे दाखवलं. आवड म्हणून दाखवलं नाही, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून दाखवलं. आमच्या घरी त्या साली कणगीत ज्वारी होती, त्यामुळे माझ्या आईला यातलं निम्मंही येत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता लिहिताना सुचलं.

पुढे काय झालं ते तू पाहिलंस. शेवळं आपल्याकडे मृगाच्या आगेमागे निघतात, जमिनीतून नुसता तपकिरी कोंब वर येतो. मी चित्र बरं काढलं होतं. आतला पिवळा भाग काढून टाका, बारीक चिरा, तेलावर परता, सगळं लिहिलं. काकडं घाला, हे लिहिलं नाही. ती आंबट हिरवी फळं सोबत शिजवली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशीने ते सांगितलंही होतं, माझ्या वहीत आहे. पण पानात जागा उरली नव्हती, आणि काहीतरी गाळायचं तर जे सगळ्यांना माहीत आहे तेच गाळावं असा मी विचार केला. आमच्या चाळीतली खोली नंबर चारमधली वैष्णवी यवतमाळची. तिने पुस्तिका हातात धरून बंधाऱ्यापाशी शेवळं शोधली, सकाळी भाजी केली, खाल्ली, आणि दहाच्या सुमारास तिचं तोंड सुजलं. तू रिक्षा आणलीस, मी दवाखान्यात तिच्याजवळ बसलो. इंजेक्शन दिल्यावर दुपारपर्यंत सूज उतरली. तोवर तिला बोलता येत नव्हतं. तिने पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर लिहून मला दाखवलं, “काका, यात नव्हतं.” तक्रार नव्हती ती. परीक्षेत प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आला की मुलं जशी सांगतात, तसं सांगितलं.

मग आपण दोघं दारोदार फिरलो. साठ प्रती गेल्या होत्या, सेहेचाळीस सापडल्या, प्रत्येकीवर मी पेनाने ओळ घातली. त्या फिरण्यात, डेअरीसमोर, तू एकदा म्हणालास की त्यात आणखी एक राहिलंय. मी विचारलं काय. तू म्हणालास, तुलाच सापडतंय का बघ. मी घरी जाऊन पुस्तिका तीन वेळा वाचली आणि शुद्धलेखन तपासलं. दोन वेलांट्या चुकल्या होत्या. त्या दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी तुला मोठ्या समाधानाने दाखवल्या. तू पुस्तिका घडी घालून परत दिलीस आणि मला वाटलं, संपलं.

त्यानंतर पंधरा ऑगस्ट. ओढ्याकडच्या सोसायटीने झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, एक झाडाची कुंडी. तू मावशीला घेऊन आला होतास, तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्यांवर. तिने इस्त्रीचं हिरवं लुगडं नेसलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माईक पुढे करून विचारलं, एवढी माहिती कुठून गोळा केलीत? मी म्हणालो, ग्रामस्थांकडून. खात्यात असंच लिहायची पद्धत आहे, तोंडातून तेच आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनेही वाजवल्या, मी वरून पाहिलं. काठी मांडीवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी वाजवत होती. कार्यक्रम संपल्यावर तू मला फाटकापाशी गाठलंस. मी सवयीने म्हणालो की अरे, मावशीचं आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यावर तू जे बोललास ते मी रोज ऐकतो.

“गावाला म्हाईत हाय. तुला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत हाय का, एकनाथ?”

तू मावशीला हाताला धरून निघून गेलास. दिवाळीनंतर तुम्ही दोघं मुलाकडे देहूरोडला गेलात, तेही मला डेअरीवर कळलं.

खरं सांगायचं तर मी सहा महिने तुझ्यावर चिडून होतो. आठ पानांचा कागद, फुकट वाटायचा, त्यासाठी एवढं काय, असं उषाला ऐकवत होतो. मी मुद्दाम काही केलेलं नव्हतं, हे माझं मोठं भांडवल होतं. आता बघ, बांध कोरणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. कोणी एका दिवसात कोरत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास, एवढीच रेघ, शेजाऱ्याच्या अंगाला जातं, आणि मोजणी लागली की प्रत्येकजण मला हेच सांगायचा की साहेब, मुद्दाम नाही केलं. मी मान हलवायचो आणि खुंटी होती तिथे ठोकायचो. स्वतःच्या बाबतीत तेच उत्तर मला पुरेसं वाटलं.

डोळे उघडले ते वैष्णवीमुळे. तिने फेब्रुवारीत स्वतःची पुस्तिका केली, चार नंबरच्या खोलीपासून दूध डेअरीपर्यंतची. नकाशा वाकडातिकडा, प्रमाण नाही. पहिल्याच पानावर कावळा. मी हसलो, कावळा कोणाला माहीत नाही? ती म्हणाली, “काका, तुम्ही असंच म्हणून काकडं गाळली होती.” आत घाणेरी आहे, रुई आहे, मोरीतली गोगलगाय आहे, म्हणजे मी कधी घेतलं नसतं ते सगळं आहे. आणि प्रत्येक नोंदीखाली तिने लिहिलंय, सांगणार अमुक. कावळ्याखाली डेअरीच्या गोजराबाई, कारण तो रोज कोणत्या वेळी कोणत्या तारेवर येतो ते त्यांनी सांगितलं. मी विचारलं, हे कुठून शिकलीस. ती म्हणाली, शिकायचं काय त्यात, सांगितलं ना त्यांनी.

मला मात्र ते शिकवलं होतं. मोजणीच्या कागदावर तसा रकानाच असतो, हद्दीच्या खुणा कोणी दाखवल्या याचा. मी माळ्यावरची लोखंडी पेटी काढली आणि जुन्या नकलांत शोधत बसलो. तेवीस वर्षांपूर्वीची ती मोजणी सापडली, ओढ्याकडच्या खाचराची. माझ्याच गावची मोजणी माझ्याकडे यायला नको होती, पण त्या महिन्यात माणूस कमी होता. ते खाचर तुझ्या आजोबांपासून तुम्ही कसत होता. गाव सांगत होतं, माझे वडीलही सांगत होते. कागदावर नाव दुसऱ्याचं होतं. मावशी उन्हात अनवाणी पुढे चालत होती आणि एकेक दगड दाखवत होती, हा आमच्या मामंजींनी रोवला, हा पुरात सरकला. मी तुमची वहिवाट नकाशात तुटक रेघेने दाखवली, माझ्या हातात तेवढंच होतं. तुटक रेघेला विक्रीच्या वेळी फारसं कोणी विचारत नाही. पाणंदीत तू मला थांबवलंस आणि मी तुला म्हणालो होतो, “धम्मपाल, गावाला म्हाईत हाय, पन कागदाला न्हाई.” हे शब्द माझे होते. मी ते विसरून गेलो. तू ते वीस-बावीस वर्षं सांभाळलेस, माझ्याशी पुलावर हसत बोललास, आणि पंधरा ऑगस्टला एकदाच परत केलेस.

ते खाचर म्हणजे आताची ती सोसायटी. नकाशा हातात होता म्हणून मी मोजून पाहिलं. सत्काराचं व्यासपीठ तिथल्या पार्किंगच्या पूर्व कडेला होतं. तिसरी रांग बरोबर तुटक रेघेच्या आत येते. मावशी स्वतःच्या खाचरात बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. मला हे कळलं तेव्हा मी नकाशा गुंडाळून पेटीत ठेवला. मला लाज वाटली, धम्मपाल. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि तुझी आठवण येते. सकाळी मी अजून पुलावर जातो. वैष्णवी कधी सुट्टीच्या दिवशी येते, एरवी एकटाच असतो. मी झाडाला वाटेल ते नाव दिलं तरी कोणी चूक काढत नाही, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

आता त्या कागदाचं. तीन आठवड्यांत शेवळं निघतील, त्याच्या आत भाज्यांची नवी पुस्तिका लोकांच्या हातात हवी, नाहीतर जुनीच फिरत राहील. सोबतचं पान म्हणजे तिचं पहिलं पान. वर मावशीचं वाक्य आहे, ती बोलली तसंच. खाली मी खात्याचा रकाना घातलाय, ‘खुणा दाखविणार’, आणि पुढे नाव, धोंडाबाई गेणबा ओव्हाळ, जांबे. त्याखाली फेरफटका आणि दुरुस्ती, धम्मपाल गेणबा ओव्हाळ. माझं नाव सगळ्यांत शेवटी, फक्त चित्रांपुरतं. यात काही खटकलं तर खोड, तुझ्या हाताने लिही. तुला किंवा मावशीला हे नकोच असेल तर पान सही न करता तसंच परत पाठव. मग पुस्तिका निघणार नाही आणि जुनीच्या सापडतील तेवढ्या प्रती मी दारोदार जाऊन परत घेईन. ज्याने खुणा दाखवल्या त्याच्या संमतीवाचून मी आजवर नकाशा दिला नाही, आता देणार नाही. हवं असेल तर पान मावशीपुढे ठेव. आधी मी तिथे अंगठ्यासाठी चौकोन आखला होता, हाताला ती सवय आहे. मग ती जुनी नक्कल पुन्हा पाहिली. त्या दिवशीही मी शाईचं पॅड पुढे केलं होतं आणि तिने ते बाजूला सारलं होतं. “अंगठा न्हाई. सही करती मी. शिकलीया.” विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात तेव्हा नुकतीच शिकली होती. साठीची होती. एकेक अक्षर करत तिने पूर्ण नाव लिहिलं. ओव्हाळमधला ळ चौकटीच्या बाहेर गेला, आणि नक्कल खराब झाली म्हणून मी मनात चडफडलो होतो. म्हणून चौकोन खोडलाय. नुसती रेघ ठेवलीय, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिची सही लांब असते.

तुझाच,
एकनाथ